मामंजींनी तपासलेली उत्तरं

माझ्या सासऱ्यांना शेतीतलं काहीही कळत नव्हतं, आणि माझी शेतीच्या परीक्षेची उत्तरं तेच तपासायचे. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या जणांना ऐकवलं आहे, की आता ते म्हणताना समोरचा कुठे हसणार हेही मला ठाऊक असतं. हसण्यासारखं आहेच ते. मला मात्र अजून राग येतो, आणि तो नेमका कुणाचा येतो ते एकदा नीट लिहून काढायचं आहे.

मी मराठवाड्यातली. शेतीची पदवी घेतली तेव्हा वर्गात आम्ही मुली बोटावर मोजण्याइतक्या होतो, आणि मुलांपेक्षा एक पाऊल पुढे असल्याशिवाय कुणी आम्हाला शेतात उभंही करत नसे. त्यामुळे मी सगळं हाताने शिकले. मातीचा गोळा वळून वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आलाय की नाही ते मी सांगायचे, आणि म्हशीच्या शेणावरून तिला काय खायला घातलंय तेही. मग लग्न झालं आणि दिल्लीला आले. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, सरोजिनी नगरला दोन खोल्यांचं क्वार्टर. शेती करायला मागच्या अंगणात तुळस आणि कढीपत्ता.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासरे साताऱ्याकडचे, पण चाळीस वर्षं दिल्लीत काढलेली. चौतीस वर्षं एकाच मंत्रालयात नोकरी, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त. मी त्यांना मामंजी म्हणायचे. आईने तसं सांगून पाठवलं होतं. नवऱ्याला ते जुनाट वाटायचं, मामंजींना आवडायचं. दिवसभर घरात आम्ही दोघंच. ते व्हरांड्यातल्या खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन, मी आत. त्या वर्षांत वर्तमानपत्रं रोज एकच गोष्ट लिहायची, की आता परमिट गेलं, लायसन्स गेलं, फायलींचे दिवस संपले. मामंजी ते सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि घडी घालून ठेवायचे.

शेती आणि ग्रामविकासाचे अधिकारी भरण्यासाठी एक मोठी परीक्षा असायची, तिचा फॉर्म मी भरला. वयाची मर्यादा तीस, म्हणजे माझ्या हातात तीन संधी होत्या. मला ती नोकरी हवी होती. घरखर्चासाठी नव्हे, शेतात परत जायचं होतं म्हणून. दुसरा रस्ता दिसत नव्हता. बाजारात निघालं की एक्स्पोर्टच्या कपड्यांचे ढीग लागत, शेजारच्या मुली परदेशी कंपन्यांत चिकटत होत्या, आणि मी भाजीवाल्याशी गव्हावरच्या तांबेरा रोगावर बोलत बसायचे. तो बिचारा नुसतं अच्छा जी, अच्छा जी म्हणायचा.

परीक्षेत दोन पेपर. पहिल्यात नुसते पर्याय निवडायचे, तो मला जड नव्हता. दुसरा वर्णनात्मक. तीन तास, सहा प्रश्न, इंग्रजीत पानंच्या पानं लिहायची. करोल बागेत एक क्लास होता, तिथे चार दिवस जाऊन पाहिलं. तिथले सर प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला तेच वाक्य लिहून घ्यायचे, की भारत हा खेड्यांचा देश आहे. चौथ्या दिवशी मी घरी येऊन सांगितलं की मी घरीच अभ्यास करते. मामंजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. म्हणाले, लिहिण्याचंच आहे ना, मग बाहेर कशाला जायचं, लिहिण्यात तर आपला जन्म गेला.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून फाइलचे पुठ्ठे, टॅगची जुडी आणि हिरव्या शाईची दौत घेऊन आले. हिरव्या शाईचं मला नवऱ्याने नंतर सांगितलं. मंत्रालयात हिरव्या शाईने लिहायचा मान फक्त वरच्या साहेबांना. सेक्शन ऑफिसरने निळ्या नाहीतर काळ्या शाईत लिहायचं आणि मान खाली घालून वर पाठवायचं. चौतीस वर्षं हिरवे शेरे झेलून झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा हिरवी शाई हातात घेतली, ती माझ्या ऊस आणि क्षारपड जमिनीवरच्या उत्तरावर.

पद्धत त्यांनी ठरवून टाकली. कागदाची डावीकडची एक तृतीयांश बाजू दुमडून कोरी सोडायची, शेऱ्यांसाठी. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. प्रश्नाचे आधी तुकडे पाडायचे, किती गोष्टी विचारल्या आहेत ते मोजायचं, आणि प्रत्येक तुकड्याला एक तरी क्रमांक गेलाच पाहिजे. प्रश्न सोपा असला तरी हे करायचं. मला याचा भयंकर कंटाळा यायचा. कांद्याच्या चाळीबद्दल विचारलंय, तर माणसाने सरळ कांद्याच्या चाळीबद्दल लिहावं की नाही? पण नाही, आधी मोजणी.

उत्तर लिहून झालं की ते फाइलला लावून त्यांच्या टेबलावर ठेवायचं. हातात द्यायचं नाही. संध्याकाळपर्यंत फाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर परत येई, समासात हिरवे शेरे घेऊन. ‘मी पाहिलं आहे’ असं मी लिहिलं असेल तर ते खोडून ‘असे निदर्शनास आले आहे’. ‘ही योजना फसली’ याच्या जागी ‘योजनेच्या अंमलबजावणीत काही अडचणी आढळतात’. आणि शेवटी माझं मत जिथे असेल तिथे त्यांचं आवडतं वाक्य, ‘मे बी कन्सिडर्ड’. म्हणजे विचार व्हावा. कुणी करावा, कधी करावा, ते लिहायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

एखादं उत्तर फारच बिघडलं असेल तर ते खाली दोनच शब्द लिहायचे, ‘प्लीज स्पीक’. ऑफिसात साहेब असं लिहून फाइल खाली पाठवतात, आणि मग खालच्याने साहेबाच्या खोलीत जाऊन उभं राहायचं असतं. आमच्या घरात साहेबाची खोली म्हणजे सात पावलांवरचा व्हरांडा. मी कणीक मळत असायचे, ते फाइल ओट्यावर ठेवून मागे वळून न बघता जायचे आणि खुर्चीत बसून माझी वाट बघायचे. मी हात धुऊन जायचे आणि समोर उभी राहायचे. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, त्यांचा वेळ जातोय ना, जाऊ दे. माझाही वेळ जात होता, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

पहिल्या संधीला वर्णनात्मक पेपरात मी थोडक्यात राहिले. मामंजींनी निष्कर्ष काढला की माझे परिच्छेद अजून लांब आहेत. दुसरं वर्ष आम्ही परिच्छेद तोडण्यात घालवलं.

त्याच वर्षी नवऱ्याने यमुनेपलीकडे, नव्या वस्तीत, सरकारी नोकरांच्या गृहसंस्थेत फ्लॅटसाठी नाव घातलं. बांधकाम सुरूही झालं नव्हतं, पण दर रविवारी आम्ही ‘साइट’ बघायला जायचो. बघायला होतं काय, तर एक पाटी, आखलेले रस्ते आणि त्यांच्यामध्ये उरलेली शेतं. आमचा जो ब्लॉक होणार होता त्या जागेवर बरसीमचा चारा उभा होता, चांगला गुडघाभर, हिरवागार. एक म्हातारी विळ्याने तो कापत होती. नवरा त्या पाटीखाली सोसायटीच्या लोकांशी बोलत उभा राहिला आणि मी तिच्याजवळ जाऊन बसले.

तिने सांगितलं की जमीन सरकारने घेतली, पैसे मिळाले, मुलांनी पांढरी गाडी घेतली. ट्रॅक्टर आता बिल्डरांना पाण्याचे टँकर ओढून देतो. मी विचारलं की मग हा चारा कुणाचा. ती हसली आणि कापता कापता म्हणाली, “जब तक खड़ा है, काट रही हूँ. भैंस को थोड़े ही पता है ज़मीन किसकी है.”

त्यानंतर मी दर रविवारी तिच्याकडेच जायचे. घरात तीन म्हशी होत्या. पूर्वी बांधावरचं गवत, धसकटं, उसाचं वाढं असं करून त्यांचं भागायचं. आता बांधच नव्हते. चारा विकत आणायचा तर गाडीला पेट्रोल घालणारा मुलगा कुरकुरायचा. दूध मात्र सगळ्यांना हवं होतं, नव्या फ्लॅटवाल्यांना तर घरपोच. शहर जवळ आलं की शेतीचं काय होतं, ते मला कुठल्याही पुस्तकात इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. मी वही भरून टाकली. त्यावरून एक उत्तर लिहून मामंजींच्या टेबलावर ठेवलं. ओट्यावर परत आलं तेव्हा म्हातारी त्यात नव्हती. तिच्या जागी ‘बाधित कुटुंबे’ होती.

दुसऱ्या संधीच्या पेपरात तिसरा प्रश्न होता, महानगरांच्या कडेच्या गावांमधली शेती आणि जमिनीच्या वापरातले बदल. तो वाचला आणि मला खरोखर हसू फुटलं. शेजारच्या बाकावरच्या मुलाने वळून पाहिलं. एवढा माझा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी पेन टेकवलं आणि लिहिलं, ‘असे निदर्शनास आले आहे की’. पुढचं वाक्य त्याला जोडून आपोआप आलं, त्याच्या पुढचंही आलं. मला आतून कळत होतं की हे मी लिहीत नाहीये, पण दोन वर्षांत हाताला एकच चाल माहीत झाली होती आणि घड्याळ चालू होतं. साडेतीन पानं लिहिली. सगळे क्रमांक जागच्या जागी, आणि शेवटी विचार व्हावा.

बसमधून येताना मी खिडकीशी बसून रडले. करोल बाग, धौला कुआँ, सगळं रडण्यातच गेलं. घरी आले तर मामंजी व्हरांड्यात प्रश्नपत्रिकेची वाट बघत होते. त्यांनी ती हातात घेतली, तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि खूश होऊन म्हणाले की हा तर आपण केलेला होता.

‘आपण’ हा शब्द मला सहन झाला नाही. मी चप्पलही काढली नव्हती. मी म्हणाले, “मामंजी, तुम्ही मला असं लिहायला शिकवलं की मला कुणी पकडू नये. आज कुणी पकडणार नाही. साडेतीन पानांत मी कुठेच नाहीये.”

त्यांनी तिसऱ्या प्रश्नावरचं बोट काढून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “चौतीस वर्षं हेच लिहिलं. माझी एकही नोट वरून परत आली नाही.”

“परत यायला आधी कुणीतरी वाचावी लागते,” मी म्हणाले.

तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही. त्यांनी प्रश्नपत्रिकेची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि काठी घेऊन फिरायला गेले. त्या दिवशी जरा लांब फिरून आले असावेत. जेवताना नेहमीसारखं मीठ मागितलं, नवऱ्याला ऑफिसचं विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावरची दौत नव्हती. मी उत्तर लिहून ठेवलं असतं तरी त्यांनी तपासलं नसतं, आणि मी ठेवलंच नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त हायसं वाटलं, हेही खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या संधीतही मी राहिले, पहिल्यापेक्षा थोडी वर. तिकडे मी फार लक्ष दिलं नाही. आता शेवटचं वर्ष होतं आणि मी मोकळी होते. कागद दुमडायचा नाही, क्रमांक नाहीत, तुकडे नाहीत. जे पाहिलंय ते लिहायचं, मी म्हणून लिहायचं. म्हातारी, तिच्या म्हशी, आमच्या गावचा ओढा, आई ज्वारीचा कडबा कसा रचायची ते, सगळं इंग्रजीत बसवायला शिकले. वाफशाला इंग्रजीत शब्द सापडला नाही तर तो दोन ओळींत समजावून सांगायचे. ती उत्तरं मला स्वतःलाच पुन्हा वाचावीशी वाटत. मामंजी व्हरांड्यात आणि मी आत, मध्ये तेच सात पावलांचं अंतर, आणि वर्षभर परीक्षेबद्दल आमच्यात चकार शब्द नाही. बाकी सगळं बोलायचो, भाजी, पाणी, शेजारी.

तिसऱ्या संधीच्या पेपरात जनावरं आणि गावातल्या बायका यांवर प्रश्न आला. या वेळी हात अडला नाही. बरसीम कापणाऱ्या त्या बाईला मी पेपरात उभं केलं, तिच्या विळ्यासकट. लिहिता लिहिता बोटं दुखायला लागली तरी थांबावंसं वाटेना. शेवटच्या प्रश्नाला दहा मिनिटं उरली होती, तो सात-आठ ओळींत उरकला. पण बाहेर आले ती तरंगतच. नवऱ्याला म्हटलं, निकाल काय लागायचा तो लागो, आज पेपर मी लिहिला. तो म्हणाला, चलो, बढिया, आणि आम्ही बाजारात छोले भटुरे खाल्ले.

निकालात माझं नाव नव्हतं. वय संपलं होतं, म्हणजे दारच बंद. ते मी सोसलं, कारण मनाशी एक धरून ठेवलं होतं. जागा थोड्या होत्या, स्पर्धा मोठी होती, पण गुण वाढलेले असणार. मी बरोबर होते, एवढं तरी कागदावर येईल.

राहिलेल्यांनाही गुणपत्रिका पोस्टाने यायची. ती आली तेव्हा मी ओट्याशी होते. पोस्टमनकडून मामंजींनीच घेतली आणि पाकीट न फोडता माझ्यापर्यंत आणलं. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट त्यांनी उभ्या जन्मात फोडलं नसेल. मी हात पुसून ते उघडलं. वर्णनात्मक पेपरापुढचा आकडा वाचला, मग गेल्या वर्षीचा आठवून पाहिला, मग पुन्हा वाचला. चार गुण कमी होते.

आज मला त्याचं कारण सांगता येतं. जनावरं आणि बायकांवरच्या त्या प्रश्नात चार गोष्टी विचारल्या होत्या. मी त्यातल्या एकीवर अडीच पानं लिहिली, दुसरीला हात लावला आणि उरलेल्या दोन माझ्या ध्यानातही आल्या नाहीत. शेवटच्या प्रश्नाचं तर बोलायलाच नको. तुकडे मोजले असते तर कळलं असतं. पुढे शेतीच्याच मुलांना मी शिकवायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना हेच सांगायचे, की विचारलंय किती ते आधी मोजा. त्या दिवशी ओट्यापाशी मला यातलं काही सुचलं नाही. फक्त संताप आला, परीक्षकाचा, म्हातारीचा, स्वतःचा, आणि समोर उभ्या असलेल्या मामंजींचा तर फारच, की ते नेमके आत्ता इथे का उभे आहेत.

त्यांनी विचारलं, “वाढले का?”

वर्षभरानंतर त्यांनी त्या विषयावर काढलेला हा पहिला शब्द. कागद माझ्याच हातात होता, आणि तो मागून घेऊन बघणाऱ्यातले ते नव्हते.

“वाढले,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. “मग माझंच चुकत होतं,” ते म्हणाले, आणि व्हरांड्यात जाऊन बसले.

मी गुणपत्रिका पिठाच्या डब्यामागे ठेवली आणि नंतर कधीतरी फाडून टाकली. वाटलं होतं की एकदोन दिवसांत सांगून टाकू. पण मामंजींनी ती चूक मान्य केली ती केलीच, एखादी नोंद करून खाली सही करावी तशी. आम्ही यमुनेपलीकडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तिथे नवे शेजारी आले, कुणी माझ्या शिक्षणाचं विचारलं की तेच पुढे होऊन सांगायचे. आमची सूनबाई मोठी अधिकारी व्हायची, पहिल्या दोन संधी माझ्यामुळे गेल्या तिच्या, मी तिला फाइलीची भाषा शिकवत बसलो. हे ते रडवेले होऊन सांगत नसत, सरळ सांगत. पाहुणे हसायचे. मी चहा टाकायला आत जायचे.

एकदा असेच पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं बाल्कनीत बसलो होतो. मामंजी समोर बघतच म्हणाले, “तुझी दोन वर्षं मी घालवली, सूनबाई. मनात ठेवू नकोस.”

मी म्हणाले, “जाऊ द्या, मामंजी. मी कधीच माफ केलंय.”